‘मी कोण’ हे ठरवतं कोण?

आजचा विषय थोडा डोक्याला ताण देणारा आहे, तेव्हा इयरफोन नीट लावा. आपली ओळख आपण घडवतो, की आजूबाजूची माणसं आपल्यावर चिकटवतात?

पहिला माणूस एरिक एरिक्सन. जर्मनीत ज्यू घरात वाढला, पण दिसायला उंच, सोनेरी केसांचा. शाळेत पोरं ज्यू म्हणून चिडवायची आणि प्रार्थनेला गेला की ज्यू पोरं ‘हा आपला नाही’ म्हणायची. पुढे अमेरिकेत त्याने एरिक्सन हे आडनाव स्वतःच घेतलं. त्याच्या मते ओळख आतून, हळूहळू घडते. किशोरवयात हा प्रश्न सगळ्यात जास्त टोचतो, म्हणून त्या वयात चाचपडायला मोकळीक हवी. तिला त्याने शब्द वापरला मोरॅटोरियम. हो, तोच. २०२० मध्ये बँकेच्या हप्त्यांना मिळालं होतं ना, ते!

१९६६ मध्ये जेम्स मार्सियाने यावरून दोन प्रश्न काढले. पर्याय शोधलेस का? आणि काही पक्कं केलंस का? त्यातून चार अवस्था निघतात. मला एकीबद्दलच बोलायचंय, फोरक्लोजर. म्हणजे न शोधताच पक्कं. दहावीला चांगले मार्क, म्हणून सायन्स, म्हणून सीईटी, म्हणून बीटेक. मी याच रांगेतून आलो. काम आवडतं मला, तक्रार नाही. पण माझा धाकटा भाऊ आता बारावी सायन्सला आहे आणि त्याला इतिहास शिकायचाय. घरात रोज वाजतंय.

एरिक्सन म्हणेल, द्या त्याला वेळ. बरोबर आहे, पण क्लासची दोन वर्षांची फी भरून झालेल्या बापाला हे सांगून बघा.

इथे मला हेन्री ताजफेल जास्त पटतो. हा पोलंडचा ज्यू. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यातून लढताना जर्मनांच्या हाती सापडला. पोलंडचा असल्याचं लपवलं, म्हणून वाचला. घरचे मारले गेले. तो स्वभावाने कसा आहे याला तिथे शून्य किंमत होती, कुठल्या गटाचा एवढंच महत्त्वाचं. १९७१ मध्ये त्याचा ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांवरचा प्रयोग छापून आला. तुला क्ली आवडतो की कँडिन्स्की, अशी चित्रांची आवड विचारून मुलांचे गट पाडले, असं त्यांना सांगितलं. खरं तर वाटणी रँडम होती. मग दुसऱ्यांना पैसे वाटायला लावले. स्वतःला एक पैसा मिळणार नव्हता. तरी मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. कमाल म्हणजे, आपल्याला थोडं कमी मिळालं तरी चालेल, पण समोरच्यांपेक्षा जास्त हवं, असाही कल दिसला!

आता आमच्या घरात बघा. ‘दोन्ही मुलं इंजिनिअर’ ही बाबांची स्वतःची ओळख आहे, सोसायटीत, लग्नकार्यात. भावाने इतिहास घेतला की बाबांचाही गट बदलतो. म्हणून ‘स्कोप काय?’ या प्रश्नाला पगाराचे आकडे दाखवून काही होत नाही, मी दाखवलेत.

तुमच्यापैकी कोणी बारावी सायन्सनंतर आर्ट्सला गेलं असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. घरच्यांना पहिल्या दिवशी काय सांगितलंत, तेवढंच सांगा. फॉर्म भरायचे दिवस जवळ आलेत.