पुस्तक हातात द्यावं लागतं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी सिल्लोडचा. आमच्या गावाचं नाव घेतलं की लोकांना मिरचीचा बाजार आठवतो, नाहीतर अजिंठ्याचा रस्ता. पण आमच्याकडं आणखी एक पीक जोरात आहे, ते म्हणजे पुस्तकांचं. निवृत्त गुरुजी आठवणी लिहितात, तलाठी कविता करतात, एखादी सून सासूच्या तोंडच्या ओव्या वहीत उतरवून घेते. प्रकाशक मिळत नाही. मग कुणी फंडातले पैसे काढतं, कुणी मिरचीच्या पट्टीतले, आणि पुस्तक स्वतःच छापतं. पाचशे प्रती टेम्पोतून घरी येतात आणि पलंगाखाली जातात.

मीही त्यांच्यातलाच. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी आमच्या भागातल्या शेतीच्या जुन्या शब्दांचं एक लहानसं पुस्तक काढलं. तेव्हापासून पुस्तक घेऊन मी बरीच ठिकाणं फिरलो. त्यातून जे कळलं, ते आज सांगतो.

आधी हिशेब. समजा, पाचशे प्रतींना पन्नास हजार रुपये खर्च आला. म्हणजे एक प्रत शंभराला पडली. किंमत ठेवली दीडशे. दुकानदाराला चाळीस टक्के सूट दिली, की हातात नव्वद रुपये येतात. प्रत्येक प्रतीमागं दहा रुपये पदरचे गेले. दुकानदाराला दोष देता येत नाही, त्यालाही भाडं आणि पगार आहेत. म्हणून ज्यानं स्वतः छापलं, त्याला स्वतः विकणं भाग आहे.

विकायचं कुठं? आपल्याला पहिल्यांदा सुचतो तो प्रकाशन समारंभ. शाल, श्रीफळ, पाच पाहुणे आणि प्रत्येकाचं ‘दोनच शब्द बोलतो’ म्हणून झालेलं अर्ध्या तासाचं भाषण. शेवटी आभार होतात तेव्हा लोक चपला शोधत असतात. पुस्तकाचं टेबल मांडवाच्या कोपऱ्यात, आणि नातेवाईक तर फुकट प्रतीच्या हिशेबानंच आलेले. ‘सप्रेम भेट’ लिहून दिलेली पुस्तकं किती घरांत उघडली जातात, हे प्रत्येक लेखकाला ठाऊक आहे. दीडशे रुपये मोजून घेतलेलं पुस्तक माणूस निदान चाळून तरी बघतो.

आता दुसरं चित्र बघा. १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार होऊन त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळालं. दर वर्षी त्या दिवशी छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या गेटवर खेड्यापाड्यांतून माणसं येतात, आणि रस्त्याच्या कडेला पुस्तकांचे स्टॉल लागतात. मोठ्या ग्रंथांशेजारी पातळ पुस्तिका असतात, गाण्यांच्या चोपड्या असतात. त्यांतल्या कित्येक लिहिणाऱ्यानं पदरमोड करून छापलेल्या. नागपूरच्या दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला मुंबईच्या चैत्यभूमीवर हेच दिसतं. भाकरी फडक्यात बांधून आलेली बाई लेकरासाठी पुस्तक विकत घेऊन जाते. तिथं पुस्तकाची तारीफ करायला पाहुणा लागत नाही. त्या पुस्तकाची गरज असलेली माणसं त्या दिवशी आपणहून एका जागी आलेली असतात.

मला वाटतं, सगळी गोम इथंच आहे. वाचकाला आपल्या मांडवात बोलावण्यापेक्षा तो जिथं आधीच जमतो, तिथं आपण जावं. माझं शेतीच्या शब्दांचं पुस्तक साहित्याच्या कार्यक्रमात दोन-तीन खपतं. कृषी प्रदर्शनात दिवसाला वीस-पंचवीस जातं. ओव्यांचं पुस्तक बचत गटाच्या मेळाव्यात न्यावं, गावाचा इतिहास त्या गावच्या जत्रेत.

आणि तिथं वाचून दाखवावं. ही काही आजची युक्ती नाही. महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. छापण्याआधीच पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना तो वाचून दाखवल्याचं त्यांनीच लिहून ठेवलंय. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनीही तो ऐकला. ज्यांच्यासाठी लिहिलं, त्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. तरी ते पुस्तक आधी त्यांच्या कानावर गेलं.

बाकी गोष्टी साध्या आहेत. टेबल दारापाशी किंवा चहाच्या जागी असावं. किंमत मोठ्या अक्षरात लिहावी. सुट्टे पैसे ठेवावेत आणि मोबाइलवरून पैसे देण्याचा क्यूआर कोडही चिकटवावा. पैसे घ्यायला दुसरं कुणी बसवावं, म्हणजे लेखकाला बोलायला मोकळीक मिळते. आलेल्या माणसाला आग्रह करू नये, पुस्तक त्याच्या हातात द्यावं आणि गप्प राहावं. मिरचीच्या बाजारात शेतकरी भाषण करत नाही. पोत्याचं तोंड उघडून ठेवतो. घेणारा एक मिरची मोडून बघतो, मग भावाचं बोलतो.

एका प्रदर्शनात एक म्हातारे शेतकरी आले. चष्मा नव्हता, नातीनं त्यांना एक पान वाचून दाखवलं. ‘तिफण’ शब्दाशी थांबवून ते म्हणाले, “गुरुजी, आमच्याकडं पाभर म्हणायचे,” आणि पुढं अर्धा तास मला पेरणीचं सांगत बसले. जाताना दोन प्रती घेतल्या, एक नातीला, एक मुंबईतल्या मुलाला. त्या अर्ध्या तासात मला अकरा नवे शब्द मिळाले. दुकानातून पुस्तक विकलं गेलं असतं, तर ते कसे मिळाले असते?

यातून कुणी श्रीमंत होत नाही. छपाईचा खर्च निघाला तरी गंगेत घोडं न्हालं. पण गावोगावच्या पलंगांखाली आज आपल्या भागाच्या आठवणी, शब्द, ओव्या पडून आहेत. लिहिणारी पिढी थकत चालली आहे. ती आहे तोवर त्या प्रती पिशवीत घालून बाहेर काढायला हव्यात. तुमच्या घरी असा गठ्ठा असेल, तर येत्या जत्रेची तारीख बघून ठेवा. आणि जत्रेत असं एखादं टेबल दिसलं, तर क्षणभर थांबा, पुस्तक उघडून बघा. आवडलं तर विकत घ्या. फुकट मात्र मागू नका.