ब्लाऊजच्या आतला खिसा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

आजचा विषय आपल्याकडं चारचौघांत बोलला जात नाही. न बोलल्यामुळं मी वर्षभर घरात कोंडून घेतलं, म्हणून आज बोलते.

मी जुन्नर तालुक्यातल्या निमगाव सावाची. कर्करोगामुळं माझा एक स्तन काढावा लागला. ऑपरेशन नीट झालं, केमो झाली, घरी आले. जखम कशी जपायची ते दवाखान्यात सांगितलं होतं. ब्लाऊज कसा घालायचा, ते कोणी सांगितलं नाही आणि मीही लाजेनं विचारलं नाही.

आधी रुमालाची घडी ठेवली, मग कापूस. पण कापूस हलका. हात उचलला की वर सरकतो. कांद्याच्या लागणीत दिवसभर वाकायचं असतं. एकदा वाफ्यात वाकले आणि कापसाची ती गोळी बाहेर पडली. बायका हसल्या नाहीत, उलट सगळ्याजणी गप्प झाल्या. दुसऱ्या दिवसापासून माझं शेत सुटलं, हळदीकुंकू सुटलं. मोहरीची पुरचुंडी करून पाहिली. तिला वजन होतं, पण घामानं ती ओली व्हायची.

पुढं तपासणीच्या रांगेत शेजारच्या बाईंनी हळूच विचारलं, "ताई, तू आत काय ठेवतेस?" त्यांच्याकडून मला कृत्रिम स्तनाची माहिती मिळाली.

याचे मुख्य प्रकार दोन. पहिला कापडी किंवा सुती विणलेला. तो हलका असतो, धुता येतो. जखम नाजूक असते तेव्हा, डॉक्टरांना विचारून, असाच मऊ वापरतात. दुसरा सिलिकॉनचा. तो वजनाला आणि हाताला खऱ्यासारखा लागतो. एका बाजूचं वजन गेलं, की काहीजणींचा खांदा झुकतो, मान-पाठ दुखते. तिथं त्याचा उपयोग होतो. पण तो महाग असतो आणि उन्हाळ्यात आत घाम येतो. जखम पूर्ण भरल्यावर, डॉक्टरांना विचारूनच तो घ्यावा. रोज सौम्य साबणानं धुवून कोरडा करावा आणि पिन टोचू देऊ नये.

बार्बी बाहुली बाजारात आणणाऱ्या अमेरिकेतल्या रूथ हँडलर यांचा स्तन १९७० मध्ये काढावा लागला. बाजारातले नमुने पसंत पडेनात, तेव्हा त्यांनी स्वतःच चांगले कृत्रिम स्तन बनवायचा उद्योग काढला. तिथल्याच बार्बरा डेमोरेस्ट यांनी २०११ मध्ये मऊ धाग्यानं विणलेले स्तन मोफत देण्याचं काम सुरू केलं. आपल्याकडंही असे विणून देणाऱ्या स्वयंसेविका आहेत. आपल्या दवाखान्यातल्या समाजसेविकेला विचारा.

आता खेड्यातली अडचण. ही वस्तू खिसा असलेल्या खास ब्रेसियरमध्ये ठेवतात. आमच्याकडं कित्येकजणी नुसता ब्लाऊज घालतात. मी गावातल्या शिवणाऱ्या मावशींकडं गेले. त्यांनी काही न विचारता जुन्या धोतराचं मऊ कापड घेतलं आणि ब्लाऊजच्या आतून खिसा शिवून दिला. तोंड वरच्या कडेला, थोडं आडवं. त्यामुळं वाकलं तरी बाहेर येत नाही. चार ब्लाऊजना असे खिसे झाले.

शिवलेला ब्लाऊज घालून बाहेर आले, तेव्हा आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "चल, उद्या रोपं उपटायचीत."

मैत्रिणींनो, कृत्रिम स्तन लावल्यानं कर्करोग परत येत नाही आणि न लावल्यानं बाईपण कमी होत नाही. नको वाटला तर लावू नका. मात्र पट्टा खांद्यात रुतू देऊ नका. व्रणाजवळ पुरळ, गाठ किंवा हाताला सूज दिसली, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. दुसऱ्या स्तनाची तपासणीही चुकवू नका.

आणि घरच्यांनो, ऑपरेशन झालेली बाई लग्नाकार्याला येईनाशी झाली, तर तिला रुसली म्हणू नका. तिच्याजवळ बसा, हळूच विचारा. अडलेलं काम कदाचित एका खिशाचंच असेल.