बंद पडलेले हृदय आणि आपले दोन हात
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी हा विषय कशाला, असे काही जणींना वाटेल. परंतु हृदय बंद पडण्याचा प्रसंग बहुधा घरीच येतो, आणि त्या वेळी घरात पुष्कळदा आपणच असतो. म्हणून एक परिचारिका या नात्याने मी हाच विषय घेतला.

हृदय थांबले की चारपाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. पण मंठा-घनसावंगीकडच्या शेतवस्तीवर ती तेवढ्यात कशी पोचावी? तोवर रक्त फिरते ठेवायचे ते जवळच्या माणसानेच.

नुसत्या हातांनी छाती दाबून ते फिरवता येते, हे १९६० साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधील कौवेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर यांनी मांडले. यांतले कौवेनहोवेन विजेचे इंजिनियर होते, याची मला नेहमी गंमत वाटते!

माणूस हाकेला ओ देत नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके आहेत (आचके म्हणजे श्वास नव्हे), तर १०८ ला फोन लावा आणि त्याला पलंगावरून जमिनीवर घ्या. गादीवर दाबले तर गादीच दबते. कांदा हुंगवण्यात, तोंडात पाणी घालण्यात वेळ दवडू नका. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताचा मनगटाकडचा भाग, त्यावर दुसरा हात, कोपरे ताठ. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर दबावी, मिनिटाला १०० ते १२० वेळा.

आपण सर्वजणींनी हापसा मारला आहे. दांडा अर्धाच हलवला तर घागर भरत नाही. तसेच, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. ती वर येते तेव्हा हृदयात रक्त भरते, आणि हृदयाच्या स्वतःच्या स्नायूलाही मुख्यतः तेव्हाच मिळते. हापसा थांबला की पाणी खाली उतरते, पुन्हा धार लागेपर्यंत चारसहा दांडे कोरडे जातात. रक्ताच्या दाबाचेही तेच. म्हणून मध्ये थांबू नये. दोन मिनिटांनी हात थकतात, तेव्हा दुसरीने चटकन जागा घ्यावी. इतके करूनही नेहमीच्या चौथाई-तिहाईइतकेच रक्त फिरते.

बरगडी मोडेल ही भीती खरी आहे. पण बरगडी जुळते.

मोठी अडचण संकोचाची. मामंजींच्या छातीला हात कसा लावू? परक्या बाईला कसे दाबू? अमेरिकेतल्या २०१८ च्या एका पाहणीत सार्वजनिक जागी कोसळलेल्या पुरुषांपैकी शेकडा ४५ जणांना असा दाब मिळाला, स्त्रियांपैकी ३९ जणींना. संकोच हे त्याचे एक कारण मानतात. बायांनो, कपड्यांवरूनही दाबता येते.

तोंडाने श्वास देण्याचा धसका नको. आपल्याकडील भूलतज्ज्ञांनी २०१७ साली सामान्य माणसासाठी नुसत्या छातीदाबाची पद्धत घालून दिली आहे. मुलांना आणि विहिरीतून काढलेल्यांना मात्र श्वासही लागतो. ते निराळे दाखवीन.

सतरंजीवर घट्ट उशा मांडल्या आहेत. दोघी-दोघींनी पुढे या. एकीने दाबावे, दुसरीने घड्याळ पाहावे.