जुने अंक आणि सुटलेली दारू
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘जुन्या मासिकांचा संग्रह’ असे छापले आहे. ते वाचून पुष्कळ जणींना वाटले असेल, की आज विणकामाचे नमुने आणि लोणच्यांच्या कृती ऐकायला मिळणार. तसे काही नाही. माझ्या दोन पत्र्याच्या पेट्यांत जे अंक आहेत ते सगळे एकाच विषयाचे आहेत. माणसाची दारू सुटते कशी, आणि त्याबद्दल आजवर कोणी काय लिहिले. माझ्या जाऊबाईंनी तर तोंडावरच विचारले, “अगं, हा कसला छंद? लोक तिकिटे जमवतात, नाणी जमवतात!” त्यांचे म्हणणे खरेच आहे. पण नाण्याला गिऱ्हाईक असते; या कागदांना रद्दीवाल्यावाचून कोणी विचारीत नाही, म्हणूनच ते जमवायचे.

अंक मिळतात ते किलोच्या भावाने. हिंगोलीत थोडे, परभणीला आणि नांदेडला जास्त. एखाद्या वाड्याची वाटणी झाली की माळ्यावरचे गठ्ठे खाली येतात. त्यांत दिवाळी अंक असतात, महिला मासिके असतात, कीर्तनाच्या चोपड्या असतात, आणि मध्येच व्यसनाविषयी एखादा लेख निघतो. तेवढ्यासाठी सारा गठ्ठा घ्यावा लागतो. असो.

पहिल्याने हे लक्षात येते, की आपल्याकडे दारूविरुद्ध लिहिले फार पूर्वीपासून गेले आहे. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० साली त्यांनी वाढत्या दारूच्या गुत्त्यांविरुद्ध लेखी तक्रार केली होती. पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेस गेल्या. तिथे फ्रान्सिस विलार्ड यांच्या नेतृत्वाखाली बायकांची एक मोठी मद्यपानविरोधी संघटना चालत होती. १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात रमाबाईंनी तिची हकीकत मराठी वाचकांसाठी लिहिली. ज्या बायकांना मताचा अधिकार नव्हता त्या गुत्ते बंद करायला निघाल्या होत्या, हे वाचून आपल्या आज्यापणज्यांपैकी कोणाच्या मनात काय आले असेल, ते मात्र कुठे छापलेले नाही.

पुढे ‘एकच प्याला’ आले. १९१९ च्या जानेवारीत गडकरी गेले आणि त्याच वर्षी नाटक रंगभूमीवर आले. बालगंधर्वांची सिंधू पाहून थिएटरे रडली. नाटक थोर आहे, त्याबद्दल वाद नाही. परंतु मला एक बोलावेसे वाटते, राग मानू नये. सिंधू मरतानाही नवऱ्यावर दोष येऊ देत नाही, आणि पुढे कित्येक वर्षे आपल्या गोष्टींनी बायकोला हाच धडा दिला: झाकून ठेव, सोस, वाट पाहा. दारुड्याच्या घरात झाकून ठेवण्याने दारूचीच सोय होते. हे सांगणारा मजकूर जुन्या गठ्ठ्यांत मला फारच क्वचित सापडला.

आपल्या भागाचे आणखी एक वेगळेपण आहे. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा झाला तेव्हा आपण हैदराबाद राज्यात होतो, १९५६ पर्यंत. निजामाच्या काळापासून आबकारी ही सरकारच्या उत्पन्नाची मोठी बाब. म्हणून पुण्यामुंबईच्या त्या वेळच्या अंकांत परमिटाच्या ज्या गमती येतात, त्या इथल्या जुन्या माणसांना वाचून दाखवल्या तर ती नुसती हसतात. त्यांना आठवते ती शिंदी आणि मोहाची.

आता या पेट्यांमधून मला जे कळले ते सांगते. दारू सोडवण्याच्या कामात कायद्याने काय झाले, भाषणांनी काय झाले, याचा हिशेब विद्वानांनी मांडावा. मला मात्र तीन ठिकाणी असे दिसले, की छापलेल्या एका गोष्टीने चक्र फिरले.

अमेरिकेत १९३५ साली अक्रन गावी बिल विल्सन आणि डॉक्टर बॉब हे दोघे दारुडे भेटले आणि एकमेकांशी बोलून बोलून कोरडे राहू लागले. अल्कोहोलिक्स अनॉनिमस ती हीच. सहा वर्षांनी तिचे सुमारे दोन हजार सभासद होते. १ मार्च १९४१ रोजी एका खपाच्या साप्ताहिकात जॅक अलेक्झांडर या पत्रकाराचा लेख आला, आणि वर्षअखेर ती संख्या आठ हजारांच्या घरात गेली. १९४४ च्या जूनमध्ये त्यांनी ‘ग्रेपव्हाइन’ नावाचे स्वतःचे पत्र काढले. घरापासून दूर लढाईवर गेलेल्या सभासदांना सभेला बसता येत नव्हते. त्यांना पत्र हीच सभा. १९५७ साली मुंबईत ही चळवळ सुरू झाली. तिचे जुने कागद जमवताना एक अडचण येते: कोणाचे पूर्ण नाव नसते. ते योग्यच आहे. पण संग्राहकाला चुटपुट लागते!

दुसरे ठिकाण पुण्याचे. डॉ. अनिल अवचट यांनी ‘गर्द’ या विषाविषयी लेख लिहिले. व्यसनात सापडलेल्या मुलांच्या घरी जाऊन, त्यांच्या आयांशी बोलून. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई मदतीला पुढे आले, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ उभे राहिले. डॉ. अनिता अवचट यांनी ते आईच्या मायेने चालवले. १९९७ साली त्या गेल्या. तिथे रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा गट आहे. सिंधूच्या धड्याचे उत्तर मला त्या नावात दिसले.

तिसरे ठिकाण नेल्लोर जिल्ह्यातले दुबगुंटा. १९९२ साली साक्षरतेच्या वर्गात बायकांना एक धडा लावला होता, दारूविरुद्ध उभ्या राहिलेल्या बाईचा. अक्षरे गिरवता गिरवता त्यांनी विचारले, आपण का करू नये? गावचे दुकान बंद पडले, गावोगाव लोण पसरले, आणि १९९३ च्या ऑक्टोबरात आंध्रात अरकबंदी झाली. पुढे आलेली संपूर्ण दारूबंदी दोन वर्षांत सैल करावी लागली, हेही सांगितले पाहिजे.

आता जुन्या अंकांतला एक धोकाही सांगते. जवळजवळ प्रत्येक गठ्ठ्यात जाहिरात असते: अमुक पूड चहात कालवून द्या, त्याला कळणारही नाही, दारू सुटेल. मागच्या वर्षी एक भगिनी तशाच मजकुराचे आजचे कात्रण घेऊन माझ्याकडे आली. मनीऑर्डरीची जागा फोनने घेतली होती, बाकी अक्षर न् अक्षर तेच. तिने पूड मागवलीही होती. भगिनींनो, असल्या पुड्यांत काय असते ते कोणालाच ठाऊक नसते. खरे औषध, डायसल्फिरम म्हणून, डेन्मार्कमधल्या संशोधकांनी १९४८ साली पुढे आणले. ते घेऊन वर दारू प्यायली तर जीव घाबरा होतो, रक्तदाब खाली येतो, प्रसंगी प्राणावर बेतते. ते रुग्णाच्या संमतीने, डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायचे. नवरा झोपलेला असताना ताटात कालवायचे नव्हे. तसेच, रोज भरपूर पिणाऱ्याला देवासमोर शपथ घालून एकाएकी बंद करायला लावू नये. दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, भास होतात, झटके येतात. तेव्हा दवाखान्यात न्यावे. त्या भगिनीने पूड गटारात ओतली. नवऱ्याला दवाखान्यात न्यायला तिला पाच महिने लागले. सध्या तो बरा आहे, अधूनमधून घसरतो, पुन्हा सावरतो.

हे सगळे दूरगावचे झाले. आपल्या गावचे काय? हिंगोली १ मे १९९९ रोजी वेगळा जिल्हा झाला. त्याआधीचे कागद परभणीत विखुरले. २००८ च्या सरकारी आदेशाप्रमाणे गावातल्या एकचतुर्थांश महिला मतदारांनी मागणी केली तर गुप्त मतदान होते, आणि नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद. यासाठी बायका तहसीलला खेटे घालतात, अंगठे उठवतात, ठराव करतात. ते अर्ज, त्या अंगठ्यांच्या याद्या, मोर्च्याची पत्रके कुठे आहेत? माझ्या पेटीत अमेरिकेच्या बिलची हकीकत आहे, पण कळमनुरीच्या, सेनगावच्या बाईची नाही. सुटलेल्या माणसाचे नाव नको, त्याची अब्रू आहे. पण कसे सुटले, कोण सोबत गेले, किती वेळा मोडले, हे लिहून ठेवायला नाव लागत नाही.

म्हणून घरात असे काही असेल तर रद्दीत घालू नये. कागद चिकटपट्टीने जोडू नये, प्लॅस्टिकमध्ये कोंडू नये. जुन्या सुती कापडात, वेखंडाचा तुकडा घालून आडवे ठेवावे. पावसाळ्यानंतर सावलीत वारा द्यावा, उन्हात नको, नाहीतर कागद कुरकुरीत होतो. कसर लागली असली तरी चालेल, मी झटकून घेईन.

पेट्या आता मंडळाच्या खोलीत, शिलाई मशिनीमागे ठेवल्या आहेत. किल्ली आपल्या चिटणीसबाईंकडे आहे. मंगळवारी दुपारी तीन ते पाच मी तिथे असते. ज्यांना वाचायला लाज वाटते त्यांनी घरी न्यावे, वहीत नाव लिहायची सक्ती नाही, अंक तेवढा परत आणावा. गेल्या पावसात सात-आठ अंकांची पाने एकमेकांना चिकटली आहेत. ज्यांचा हात हलका असेल त्यांनी एक दुपार यावे, चहा माझ्याकडे.