पहिले विधेयक कोणते?



या व्याख्यानमालेत आमच्या आधी जे वक्ते येऊन गेले ते प्राध्यापक, वकील, डॉक्टर असे शिकलेले लोक होते. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे सारे लेथवर, गेटसभेत आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात तारखेची वाट पाहत झाले. तेव्हा विषय मोठा असला तरी बोलणे साधेच होईल, ते आपण चालवून घ्यावे. चालकांनी 'राजकीय पक्ष आणि राज्याचे कायदे' असा विषय दिला. आमच्या खांद्याला तो जड वाटला, म्हणून आम्ही त्याला एका प्रश्नाएवढा लहान करून घेतला आहे. पक्षाचे पहिले विधेयक कोणते?

हा प्रश्न आम्हाला सुचला तो नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत. आमच्या वस्तीत, कांदिवली पूर्वेला, एक उमेदवार आले. खुर्च्या मांडल्या, चहा झाला. आम्ही उठून विचारले, "साहेब, निवडून आलात तर सभागृहात पहिले विधेयक कोणते मांडाल?" माणूस भला होता, चिडला नाही. पाण्याचा दाब वाढवीन म्हणाला, गटारे झाकीन म्हणाला, आकुर्ली रस्त्यावरची कोंडी सोडवीन म्हणाला. आम्ही म्हटले, ही कामे महापालिकेची. तेवढ्यात मागून एक बाई ओरडल्या, "नगरसेवक आहेत कुठे?" त्यांचेही खरेच होते. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, ती निवडणूक जानेवारी २०२६ पर्यंत झालीच नव्हती, आणि गटाराचे गाऱ्हाणे घेऊन माणसाने जावे कुठे? सभा हसली. आमच्या प्रश्नाचे उत्तर मात्र राहून गेले.

जाहीरनाम्यात तसे सगळेच असते. शेतकरी असतो, कामगार असतो, महिला असतात, तरुण तर असतातच. पण कायदेमंडळाचे काम वेळेत बांधलेले असते. सरकार पक्षाच्या बाहेरच्या सभासदाला विधेयक मांडायला मिळणारा वेळ तर फारच थोडा. त्या थोड्या वेळात तुम्ही काय पुढे करता आणि काय अडवायला रस्त्यावर उतरता, यावरून पक्ष कोणाचा ते कळते. असे उत्तर देणारा एक पक्ष आपल्याच मुंबई इलाख्यात होऊन गेला. त्याची गोष्ट सांगावयाची आहे.

ऑगस्ट १९३६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नावात जात नाही, मजूर आहे, हे ध्यानात घ्यावे. त्याचा जाहीरनामा आजही वाचण्यासारखा आहे. उद्योगधंद्यावर सरकारचे नियंत्रण, कुळांना संरक्षण, कामाच्या तासांना मर्यादा, पुरेशी मजुरी, भरपगारी रजा, कामगारांना स्वस्त आणि आरोग्यकारक घरे, हे सारे त्यात होते. इतकेच काय, गावोगाव सभागृह, ग्रंथालय आणि फिरता सिनेमा असावा असेही त्यात होते. हा सिनेमा आम्हाला फार आवडला. शेतमजुराने नुसते पोट भरावे असे नव्हे, त्याने रात्री चित्रही पाहावे, असे म्हणणारे राजकारणी तेव्हा किती असतील!

पण जाहीरनामा जाहीरनाम्याच्या जागी. १९३७ च्या निवडणुकीत पक्षाने १७ उमेदवार उभे केले आणि त्यातले बहुतेक निवडून आले. सभागृह १७५ जणांचे. सरकार काँग्रेसचे, पंतप्रधान बाळासाहेब खेर. त्या काळी प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधानच म्हणत. म्हणजे मोजून काही जणांचा पक्ष, आणि एकही विधेयक स्वतःच्या बळावर मंजूर करून घेण्याची शक्ती नाही. अशा पक्षाने १७ सप्टेंबर १९३७ रोजी पुढे केले ते खोती नष्ट करण्याचे विधेयक.

आपल्यापैकी पुष्कळांचे आजे-पणजे रत्नागिरीहून, कुलाब्याहून बोटीने मुंबईला आले. त्यांनी घरात खोताचे नाव ऐकले असेल. खोत मुळात सरकारचा सारा गोळा करून भरणारा मधला माणूस. पण पिढ्यान्‌पिढ्या तो गावाचा धनी होऊन बसला. भाताचा अर्धा वाटा त्याचा, वर वेठबिगार, आणि ज्या झोपडीत कूळ राहते तिची जमीनही त्याची. बोलशील तर उठशील. अलिबागजवळ चरी गावच्या शेतकऱ्यांनी १९३३ मध्ये, नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली, खोतांची जमीन कसायचीच नाही असा संप पुकारला आणि तो पाच वर्षांहून अधिक काळ चालवला. कारखान्यातला संप म्हणजे पगार जातो. शेतकऱ्याचा संप म्हणजे पुढच्या वर्षाचा तांदूळच जातो. आम्ही संप केलेली माणसे आहोत. पण पाच वर्षे हे ऐकले की मान आपोआप खाली जाते.

विधेयकाचे म्हणणे सरळ होते. मधला खोत काढावा, त्याला वाजवी भरपाई द्यावी, आणि जो प्रत्यक्ष कसतो त्याने सारा थेट सरकारात भरावा, जमीन त्याच्या नावे लागावी. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकरी मुंबईत आले आणि कौन्सिल हॉलवर मोर्चा गेला. बाबासाहेबांबरोबर शामराव परुळेकर होते, अनंतराव चित्रे होते, इंदुलाल याज्ञिक होते. शिष्टमंडळ खेरांना भेटले. विधेयक काही मंजूर झाले नाही.

आता दुसरी बाजू, अडवण्याची. १९३८ च्या सप्टेंबरात सरकारने औद्योगिक कलहाचे विधेयक आणले. कामगाराने आधी सूचना द्यावी, मग तडजोडीच्या पायऱ्या चढाव्यात, आणि त्या संपण्याआधी काम बंद केले तर तो गुन्हा, असा त्याचा गाभा. बाबासाहेब सभागृहात विरोधात बोलले. ते भाषण महाराष्ट्र शासनाने छापलेल्या त्यांच्या ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडात आहे. आम्ही ते इंग्रजीत, शब्दकोश मांडीवर घेऊन, महिनाभर वाचत होतो. त्यांचा मुद्दा असा की माणसाला त्याच्या मनाविरुद्ध काम करायला लावणे आणि नकार दिला तर तुरुंगात घालणे याला गुलामगिरी म्हणतात; संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव.

७ नोव्हेंबर १९३८ ला या विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला. आंबेडकर आणि डांगे एका व्यासपीठावर आले. ही गोष्ट साधी नव्हती. १९२९ च्या गिरणी संपाला बाबासाहेबांनी विरोध केला होता, आणि त्याला कारण होते. साळखात्यात, म्हणजे जिथे माग चालत आणि पगार बरा मिळे तिथे, अस्पृश्य कामगाराला घेत नसत. कांडीचे सूत तोंडाने ओढून धोट्यातून काढावे लागे, आणि त्याच्या ओठाला लागलेला धोटा दुसऱ्यांना चालत नसे. लाल बावट्याचे कामगारही त्यात होते. युनियनवाल्यांनी ही गोष्ट लपवू नये, म्हणून मुद्दाम सांगतो. तरीही नऊ वर्षांनी ते एकत्र उभे राहिले, कारण कायदा सगळ्यांच्याच हातात बेडी घालणार होता. त्या दिवशी पोलिसांनी गोळीबारही केला. विधेयक मंजूर झालेच.

म्हणजे एक विधेयक पडून राहिले, दुसरे अडवता आले नाही. हिशेब केला तर दोन्हीकडे हार. मग आम्ही हे का सांगतो? मुंबईच्या गिरणीतला कामगार आणि कोकणातले खोताचे कूळ हा पुष्कळदा एकच माणूस होता. पावसाळ्यात भाऊ शेतावर, हा मागावर. मनीऑर्डर इकडून जायची आणि खोताच्या वाट्यात संपायची. एका माणसाच्या गळ्याला दोन दोर होते, आणि या लहान पक्षाने नेमके तेच दोन धरले. खोती पुढे १९४९ च्या कायद्याने गेली, तो १९५० मध्ये अमलात आला. तोवर स्वतंत्र मजूर पक्ष उरलाही नव्हता, १९४२ मध्येच त्याच्या जागी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आले होते. जमीन ज्यांच्या नावे लागली त्यांच्यातल्या कित्येकांना हे माहीतही नसेल.

आता त्या दोरांचे आजचे रूप पाहू. कायद्यातला दोर हल्ली शब्दांत दिसत नाही, आकड्यात असतो. कंत्राटी कामगारांचा कायदा १९७० चा. ज्या कंत्राटदाराकडे २० कामगार, त्याला तो लागू होता. महाराष्ट्राने २०१७ पासून हा आकडा ५० केला. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या असतील. आमच्याकडे त्यानंतर एक प्रकरण आले. कारखान्याचे नाव घेत नाही. सुमारे सव्वाशे माणसे, एकच शेड, एकच भोंगा, एकच सुपरवायझर. पण हजेरीपट तीन, कंत्राटदार तीन, आणि तिघे एकाच घरातले. कुठल्याही पटावर पन्नास नावे भरत नाहीत. एका कामगाराने आमच्या टेबलावर तीन ओळखपत्रे ठेवली. तिन्हींवर फोटो त्याचा, कंत्राटदार निरनिराळे. अकरा वर्षे तो त्याच एका प्रेसवर उभा होता. आम्ही मागणीपत्र दिले. उत्तर आले की हा कायदा येथे लागू नाही. अनुचित प्रथेची तक्रार करावी म्हटले, तर आधी तुम्ही कोणाचे नोकर ते सिद्ध करा. चौदा जणांनी तडजोडीची रक्कम घेऊन गाव गाठले. बाकीच्यांची तारीख चालू आहे.

दुकाने आणि आस्थापनांचा १९४८ चा कायदा एक नोकर असलेल्या दुकानालाही धरत असे. २०१७ च्या नव्या कायद्याने दहापेक्षा कमी माणसांची दुकाने त्यातून बहुतेक सुटली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्या दहाचे वीस करायला मंजुरी दिली. आणि २१ नोव्हेंबर २०२५ ला केंद्राच्या चार कामगार संहिता अमलात आल्या. कारखाना बंद करायला सरकारची परवानगी १०० कामगारांपासून लागत होती, ती आता ३०० पासून. संपाला १४ दिवसांची सूचना प्रत्येक उद्योगात, तडजोड चालू असताना संप नाही, आणि निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संप. १९३८ चे भाषण आम्ही पुन्हा काढून वाचले ते या कलमामुळे. मालकांचीही बाजू आहे. लहान कारखानदाराला कागदांचा आणि इन्स्पेक्टरचा त्रास होतो हे खोटे नाही. चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही स्वतः अशा गाळ्यांत काम केले आहे, मालक आमच्याच डब्यातले खात असे. पण कागद कमी करायचे तर कागद कमी करावेत. माणसेच कायद्याच्या बाहेर काढण्याचे कारण काय?

राज्याच्या कायद्याने चांगले होतच नाही असेही नव्हे. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला मालकच नव्हता. आज या व्यापाऱ्याचे काम, उद्या त्याचे. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना बांधले आणि १९६९ चा माथाडी कायदा झाला. मालक, कामगार आणि सरकार यांचे मंडळ. मजुरी आणि वर लेव्ही व्यापाऱ्याने मंडळात भरायची. पगार, फंड, रजा तिथून. आकडा विचारायचाच नाही, एक हमाल असला तरी कायदा. पुढे १९८१ मध्ये त्याच धर्तीवर खाजगी सुरक्षारक्षकांसाठी कायदा झाला, त्याचीही मंडळे आहेत.

येथे आम्हाला श्रोत्यांशी थोडे बोलायचे आहे. रागवू नये. ठाकूर संकुलापासून महावीरनगरपर्यंत आपल्या बहुतेक सोसायट्यांच्या फाटकावर रखवालदार उभा आहे. तो किती तास उभा असतो, ते आपण येताजाताना पाहतो. त्याला मंडळामार्फत घेतले आहे की एजन्सीमार्फत, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? आम्ही राहतो त्या इमारतीत आम्ही विचारले. सेक्रेटरी म्हणाले, एजन्सी स्वस्त पडते. किती स्वस्त, ते विचारले. दर घरामागे महिन्याला जो फरक निघाला तो एका वेळच्या वडापावाहून फार मोठा नव्हता. एजन्सीचे बिल पाहिले, रखवालदाराला हातात काय मिळते ते विचारले, आणि मध्ये किती राहते ते काढले. आमच्या आजीला हा हिशेब लगेच कळला असता. तिने खोताचा वाटा मोजलेला होता.

पुढच्या निवडणुकीत आम्ही पुन्हा तोच प्रश्न विचारणार आहोत, सर्व पक्षांना, आणि उत्तर कागदावर मागणार आहोत. तोवर आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेपुढे रखवालदाराच्या कामाचे तास आणि पगार हा विषय आम्ही लेखी दिला आहे. तो विषयपत्रिकेवर सातवा लागला. सहावा विषय इमारतीच्या रंगाचा आहे, आणि दर वर्षी त्यातच रात्रीचे अकरा वाजतात. तो वर घ्यावा म्हणून आम्ही सह्या गोळा करीत आहोत. चौऱ्याऐंशी घरांपैकी आतापर्यंत एकतीस झाल्या.