डोळ्यात फूल पडू नये म्हणून
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही डॉक्टर नाही. सूतगिरणीत तीस वर्षं काढलेले कामगार, शाळा नववीपर्यंत. जे सांगणार ते वाचलेलं, डॉक्टर मंडळींना विचारलेलं आणि नेत्रशिबिरांत सतरंज्या घालता-उचलता कानांवर पडलेलं आहे. तेव्हा भाषा आपलीच राहील.

डोळ्याचा विषय निघाला की आपल्याकडे मोतीबिंदूच्या पुढे गाडी जात नाही. मोतीबिंदूचे ऑपरेशन होते, माणसाला दिसू लागते. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, म्हणून चाळिशीनंतर डोळ्याचा दाब तपासून घ्यावा, एवढे सांगून ते दोन्ही विषय बाजूला ठेवतो. आज बोलायचे ते बुबुळाविषयी. बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा एक स्वच्छ पडदा असतो, त्याला कॉर्निया म्हणतात. तो पांढरा पडला की आपण म्हणतो, डोळ्यात फूल पडलं. 2015 ते 2019 या काळात सरकारने देशभर अंधत्वाची पाहणी केली. पन्नाशीच्या आतल्या लोकांत अंधत्वाचे पहिले कारण निघाले ते हेच. म्हणजे म्हातारपणाचा हा आजार नव्हे, कमावत्या हातांचा आणि लेकरांचा आहे.

आपल्या वस्तीतलाच एक मुलगा घ्या. नाव कशाला घ्यायचे, सगळ्यांना ठाऊक आहे. घरात तंबाखूसाठी आणलेली चुन्याची प्लॅस्टिकची पुडी त्याने खेळता खेळता दाबली, ती फुटली आणि चुना डोळ्यात गेला. घरच्यांनी दूध घातले, कुणी मध सांगितला, आणि तासाभराने रिक्षा शोधली. चुना हा क्षार. तो नुसता वर भाजून थांबत नाही, आत आत मुरत जातो. अशा वेळी पहिले औषध म्हणजे पाणी! नळाखाली नाही तर तांब्याने, डोळा उघडा धरून, चांगला अर्धा तास धुवायचा. पापणी उलटून अडकलेले कण काढायचे आणि मग तडक डोळ्यांच्या दवाखान्यात. आयाबायांनो, एवढे एकच ध्यानात ठेवलेत तरी आमचे येणे वाया गेले नाही. आणि तंबाखू खाणाऱ्या बापेमंडळींनी पुडी वर फळीवर ठेवावी. सोडली तर फारच उत्तम.

आता कामगारांचे. डोळ्यात कण गेला की शेजारचा गडी रुमालाचे टोक पिळून काढायला धावतो. प्रेम मोठे, पण रुमाल घामाचा. शेतावर जाणाऱ्या बायांना उसाचे पाते लागते. ओरखडा बारीक असतो, पण त्यातून बुरशी किंवा जंतू आत शिरले की जखम चिघळते आणि शेवटी फूल पडते. नेपाळात भक्तपूरला गावच्या स्वयंसेवकांकरवी ओरखड्यावर लगेच तीन दिवस मलम द्यायचा प्रयोग झाला, तो 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना 18 तासांच्या आत मलम मिळाले, त्यांच्यात कुणाचीही जखम चिघळली नाही. वेळेची किंमत ही अशी असते.

आपण काय करतो? मेडिकलच्या दुकानातून लाल डोळ्याचे थेंब आणतो. त्यात बहुधा स्टेरॉइड असते. दोन दिवस बरे वाटते, लाली जाते, आणि आत बुरशीला रान मोकळे मिळते. बुरशीचे औषध वेगळे आहे, नॅटामायसिन त्याचे नाव. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नव्या व्होरिकोनॅझोलपेक्षा हे जुनेच औषध सरस ठरले. पण जखमेचा नमुना दुर्बिणीखाली बघितल्याशिवाय कुठले द्यायचे ते डॉक्टरलाही कळत नाही, मग दुकानदाराला कुठून कळणार?

तरीही फूल पडलेच तर? मग दुसऱ्याचा कॉर्निया बसवावा लागतो. 1905 साली आजच्या चेक देशातल्या ओलोमोउत्स गावी डॉ. एदुआर्द झिर्म यांनी तो पहिल्यांदा यशस्वीपणे बसवला. रुग्ण कोण होता? चुन्याने दोन्ही डोळे भाजलेला एक मजूर! एका अकरा वर्षांच्या मुलाचा निकामी झालेला डोळा काढावा लागला होता, त्याचा कॉर्निया त्याला मिळाला. एका डोळ्यात तो टिकला. हे वाचले तेव्हा आम्हाला आपल्या त्या पोराचा डोळा आठवला. चुन्याने बुबुळाच्या कडेच्या मूळ पेशीही जळतात, म्हणून अशा डोळ्यावर नुसता कॉर्निया टिकणे कठीण. त्यासाठी चांगल्या डोळ्याच्या कडेचा इवलासा तुकडा घेऊन, त्याचे बारीक कण वारेच्या पातळ पडद्यावर ठेवून भाजलेल्या डोळ्यावर लावायची रीत हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत निघाली, 2012 मध्ये ती प्रसिद्ध झाली. आता तर कॉर्नियाचा खराब झालेला थर तेवढाच बदलता येतो, त्यामुळे एक कॉर्निया कधी कधी दोघांना पुरतो.

पण कॉर्निया कारखान्यात विणून मिळत नाही, तो मेलेल्या माणसाकडूनच यायचा. श्रीलंकेत डॉ. हडसन सिल्वा यांनी 1960 साली आपली आई वारली तेव्हा तिचे कॉर्निया दुसऱ्याला बसवले, 1961 मध्ये नेत्रदान संस्था काढली, आणि 1964 पासून त्या छोट्या बौद्ध देशाने परदेशांना डोळे पाठवायला सुरुवात केली. शिबिजातकातला राजा जिवंतपणी डोळे देतो. ती कथा आहे, आपल्याकडे तेवढे कुणी मागत नाही. मेल्यावर मागतात. तिथेही कुणी म्हणते, पुढच्या जन्मी आंधळा जन्मेल. श्राद्ध आणि पिंडदान सोडलेल्या माणसांनी हे बोलावे?

गेल्या पावसाळ्यात वस्तीतल्या एक आजी गेल्या. फॉर्म भरलेला होता. पण मुंबईहून लेक येईपर्यंत थांबू म्हणता म्हणता आठ तास गेले. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. लेकीची वाट जरूर बघा, पण नेत्रपेढीला फोन आधी करा. फॉर्म असो नसो, शेवटी संमती घरच्यांचीच लागते. पंखा बंद करा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या. पंधरा-वीस मिनिटांचे काम, चेहरा विद्रूप होत नाही. चष्मा होता, मधुमेह होता, मोतीबिंदू काढलेला होता, तरी चालते. एचआयव्ही, कावीळ ब किंवा क, रेबीज यांनी गेलेल्यांचे घेत नाहीत.

फॉर्म मागच्या टेबलावर ठेवले आहेत. नेत्रपेढीचा नंबर विहाराच्या दाराशी ऑइलपेंटने लिहून घेतला आहे, कारण खडूने लिहिला की पोरं पुसतात.