दया यायच्या आधीची सीआयडी

या कार्यक्रमात मी आजवर बचतीवर बोलले, कर्जाच्या हप्त्यांवर बोलले, गेल्या खेपेला शेळ्यांच्या विम्यावर बोलले. आज टीव्हीवर बोलणार आहे. त्यातही सीआयडीवर. हसू नका. तुमच्यातल्या निम्म्या जणी रात्री भांडी तशीच ठेवून ही मालिका बघायच्या, हे मला पक्कं माहीत आहे.

झालं असं की मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक लवकर आटोपली. हप्ते सगळ्यांचे वेळेवर आलेले, भांडण काही नव्हतं. तेव्हा आमच्या सचिव ताईंनी मोबाइल काढला आणि म्हणाल्या, "सीआयडीचा पयला भाग सापडला मले." मग काय, अकरा जणी एका मोबाइलला चिकटून बसलो. मोबाइल तांब्याला टेकवून ठेवला होता.

हा पहिला भाग २१ जानेवारी १९९८ ला सोनीवर लागला होता. चोरीला गेलेल्या बंदुकीची गोष्ट आहे. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. आमच्या गावात केबल नव्हती, घरोघरी अँटिना आणि त्यावर फक्त दूरदर्शन. सोनी बघायचं तर तालुक्याला मावशीकडे जावं लागायचं. पुढे गावात केबल आली, डिश आली, पण लोडशेडिंगही आलं. खुनी कोण हे एसीपी साहेब सांगणार, तेवढ्यात लाइन जायची. असे कितीतरी खुनी आम्हाला आजपर्यंत माहीत नाहीत.

पहिला भाग सुरू झाला आणि बायांची पहिली तक्रार आली, "दया कुठं आहे व?" दया नाहीच. अभिजीतही नाही. दोघंही नंतर आले. अभिजीत झालेला आदित्य श्रीवास्तव तर सुरुवातीच्या एका भागात गुन्हेगार म्हणून आला होता आणि पुढच्या वर्षी इन्स्पेक्टर होऊन आला. सुरुवातीला साहेबांच्या हाताखाली आशुतोष गोवारीकर इन्स्पेक्टर होता. तोच, ज्यानं नंतर 'लगान' काढला. आणि एसीपी प्रद्युम्न म्हणजे आपले शिवाजी साटम, ते मात्र पहिल्यापासून आहेत. साटम नाटक-सिनेमात येण्याआधी बँकेत कॅशियर होते, हे मी सांगितल्यावर आमच्या कोषाध्यक्ष ताई म्हणाल्या, "म्हणूनच त्याले एक पैशाचा हिशोब सुटत नाही."

ही मालिका काढणारे बी. पी. सिंग आधी दूरदर्शनमध्ये होते. मोठ्या बायांना 'एक शून्य शून्य' ही मराठी मालिका आठवत असेल. तीही त्यांचीच आणि साटम तिच्यातही होते. एक शून्य शून्य म्हणजे पोलिसांचा शंभर नंबर. आता तो ११२ झाला आहे, तो तोंडपाठ ठेवा. सीआयडी मग २०१८ च्या ऑक्टोबरपर्यंत चालली, दीड हजारावर भाग झाले. २००४ मध्ये तर १११ मिनिटांचा एक भाग कॅमेरा एकदाही बंद न करता काढला होता. २०२४ च्या डिसेंबरात ती परत सुरू झाली. पण फ्रेडरिक्स त्यात नाही. ते काम करणारे दिनेश फडणीस २०२३ च्या डिसेंबरात वारले. त्यांचं नाव निघालं तशा आमच्या बाया घरातलं माणूस गेल्यासारख्या गप्प झाल्या.

आता मी हे सगळं का सांगते आहे? जुने भाग बघताना एक फरक फार जाणवतो. नंतरच्या सीआयडीत दया आला की दार तुटतं, साळुंखे डॉक्टर यंत्रात काहीतरी घालतात की लगेच उत्तर येतं, आरोपीला एक थापड बसते आणि तो घडाघडा सगळं सांगतो. मग साहेब म्हणतात, आता फाशी. मला विचाराल तर ती सगळी मजा आहे, पण तपास नाही. जुन्या भागांत ही घाई कमी आहे. सीसीटीव्ही, मोबाइलचं लोकेशन हे त्या काळात कुठलं? माणसाला गाठायचं, समोर बसायचं, विचारायचं. कोण आलं होतं, किती वाजता, तुम्ही काय बघितलं. काही बायांना तो भाग कंटाळवाणा वाटला, हेही सांगते. दोघी तर मध्येच चहा टाकायला उठल्या.

पण आमच्या गटातल्या एक काकू शेवटपर्यंत हलल्या नाहीत. साठीच्या आहेत, बैठकीत फारसं बोलत नाहीत, अंगठा सोडून सही शिकल्या त्याला दोनच वर्षं झाली. भाग संपल्यावर त्या म्हणाल्या, "यायनं शेजारच्या मानसाले इचारलं. मले कोनं इचारलंच नाही."

कशाबद्दल, ते आम्हाला ठाऊक होतं. काही वर्षांपूर्वी त्यांच्या गल्लीतली एक सून विहिरीत सापडली. पहाटे पाणी आणायला गेली आणि पाय घसरला, असं घरच्यांनी सांगितलं. पोलीस आले, पंचनामा झाला, आकस्मिक मृत्यू म्हणून मर्ग दाखल झाला आणि काही महिन्यांत कागद बंद झाले. गाव आणि ठाणं मी सांगणार नाही. हे बोलायला काकूंनी मला परवानगी दिली आहे, तीही नाव न घेण्याच्या अटीवर.

काकूंनी त्या दिवशी उजाडताना त्या घराच्या दारात त्या पोरीची चप्पल बघितली होती. "चपलीबिगर आंगनात पाय टाकत नव्हती ते पोरगी. तिच्या टाचीले भेगा होत्या. अन विहिरीवर अनवानी गेली?" एवढंच. एवढंच त्या इतकी वर्षं मनात घेऊन बसल्या आहेत.

चप्पल दारात होती म्हणजे खून झाला, असं मी म्हणत नाही. घाईत गेली असेल, चप्पल तुटलेली असेल. काकूही तसं म्हणत नाहीत. पण हे कागदावर यायला हवं होतं की नाही? हवं होतं. त्याचा अर्थ काय लावायचा ते तपास करणाऱ्यांचं काम. काय बघितलं ते सांगणं बघणाऱ्याचं काम. आणि बघणाऱ्याला जाऊन विचारणं, हे पुन्हा तपास करणाऱ्यांचंच काम.

मग बैठकीत जे बोलणं निघालं ते दोन तास चाललं. एक ताई म्हणाली, विचारलं असतं तरी काकू बोलल्या असत्या का? काकू म्हणाल्या, माहीत नाही. दुसरी म्हणाली, "ज्या घराविरुद्ध बोलायचं त्याच घरची बाई आपल्या गटात बसते. तिच्याच जामिनावर माझं कर्ज आहे." हे खोटं नाही, मैत्रिणींनो. टीव्हीवरच्या साक्षीदाराचं काम झालं की तो दिसेनासा होतो. आपल्याला मात्र त्याच नळावर पाणी भरायचं असतं. त्यामुळे 'भिऊ नका, बोला' असं इथे बसून सांगणं मला जमणार नाही. पण कायदा काय म्हणतो ते सांगू शकते, कारण आमच्या अकरा जणींपैकी नऊ जणींना ते माहीत नव्हतं.

बायांना सगळ्यात मोठी भीती असते ठाण्यात जायची. साक्षीदार म्हणून बाईला ठाण्यात बोलावताच येत नाही. ती जिथे राहते तिथे येऊन तिला विचारावं लागतं. जुन्या कायद्यातही हे होतं आणि १ जुलै २०२४ पासून जी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली तिच्यात ते कलम १७९ मध्ये आहे. तुम्हाला स्वतःहून ठाण्यात जायचं असेल तर जा, पण बळजबरी नाही. दुसरं, साक्षीदारानं पोलिसांना जो जबाब दिला त्यावर त्याची सही घेत नाहीत. कोणी कोऱ्या किंवा लिहिलेल्या जबाबावर अंगठा मागितला तर देऊ नका. फिर्याद वेगळी. जी बाई फिर्याद देते, तिला ती वाचून दाखवतात, तिची सही घेतात आणि एफआयआरची प्रत तिला फुकट मिळते. हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही. ठाण्यात घेतलीच नाही तर तीच गोष्ट लिहून टपालानं पोलीस अधीक्षकांकडे, म्हणजे वर्ध्याला, पाठवता येते.

आणि लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाई संशयास्पद रीतीनं गेली, तर चौकशी दंडाधिकाऱ्यासमोर व्हायला हवी. आपल्याकडे बहुतेक तहसीलदार येतात. मुलीच्या माहेरच्यांनी मागणी केली तर शवविच्छेदन करावंच लागतं. 'पोरगी तर गेली, आता चिरफाड कशाला' असं सांगणारे त्या वेळी पुष्कळ भेटतात. त्यांचं ऐकू नका. एकदा अग्नी दिला की मग साळुंखे डॉक्टर आले तरी काही करू शकत नाहीत.

खरे साळुंखे म्हणाल तर आपल्या जिल्ह्यातच आहेत. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यक शास्त्राचे डॉ. इंद्रजित खांडेकर. अत्याचार झालेल्या बाईची दवाखान्यात तपासणी किती वाईट रीतीनं होते, कागद किती अर्धवट भरले जातात, यावर त्यांनी २०१० मध्ये अहवाल लिहिला. त्याच्या आधारानं नागपूर खंडपीठात जनहित याचिका झाली आणि राज्य सरकारला तपासणीचे नियम नव्यानं करावे लागले. बाईची अब्रू काढणारी ती बोटांची तपासणी महाराष्ट्रात २०१३ मध्ये नियमातून गेली, त्याच्या मुळाशी हे सेवाग्रामचं काम आहे. मालिकेत साळुंखे दोन मिनिटांत रिपोर्ट देतात. आपल्याकडे व्हिसेरा नागपूरच्या प्रयोगशाळेत जातो आणि रिपोर्टला महिनोन् महिने लागू शकतात. हे माहीत असलं की माणूस लवकर खचत नाही.

थापडेचंही सांगून टाकते, कारण आमच्याकडे त्यावर वाद झाला. एक ताई म्हणाली, दोन ठेवून दिल्याशिवाय हे लोक कबूल होत नाहीत. पण पोलिसासमोर दिलेली कबुली कोर्ट आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून धरत नाही. मारून घेतलेल्या कबुलीवर केस टिकत नाही, ती साक्षीपुराव्यावर टिकते.

हिंगणघाटचं आपण सगळ्यांनी बघितलं आहे. ३ फेब्रुवारी २०२० ला भररस्त्यात एका तरुण प्राध्यापिकेला पेटवलं. १० फेब्रुवारीला ती गेली. आपल्यातल्या कितीतरी जणी तेव्हा मोर्च्यात होत्या. सगळीकडे एकच मागणी, लगेच फाशी द्या. निकाल लागला १० फेब्रुवारी २०२२ ला, बरोबर दोन वर्षांनी, आणि शिक्षा झाली जन्मठेपेची. त्या दोन वर्षांत काय चाललं होतं? कोर्टात एकेक साक्षीदार उभा राहत होता. त्यांनी त्या सकाळी जे बघितलं ते सांगितलं, उलटतपासणीतही सांगितलं. त्यांचे फोटो कुठल्या बॅनरवर लागले नाहीत.

तर काकूंनी त्या बैठकीत मला विचारलं, "आता सांगून काही होते का? इतके साल झाले." मी एका वकील ताईंना विचारून आले. तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला कायद्यानं मुदत नसते. खून, हुंडाबळी यांना तर नाहीच. बंद झालेल्या कागदात नवी माहिती देता येते. त्यातून काय निघेल हे कोणीच सांगू शकत नाही, तेही मी काकूंना सांगितलं.

त्यांनी अजून ठरवलेलं नाही. त्या पोरीची आई हयात आहे, आधी तिला जाऊन भेटायचं म्हणतात. तिला ही चपलेची गोष्ट माहीत आहे की नाही तेही काकूंना माहीत नाही. येत्या बुधवारी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघी निघणार आहोत. काकूंनी सोबत न्यायला गटाच्या मसाल्याची दोन पाकिटं बाजूला काढून ठेवली आहेत.